रुबेन्सच्या चित्रासमोर जपानी यात्रेकरू

कोरियन मालिका आणि जपानी चित्रमालिका यांनी आमच्या धर्मग्रामांतील तरुण पिढीला वेड लावले आहे, ही तक्रार आता जुनी झाली. घरात रोझरी चालू असताना मुलीच्या हातातील मोबाईलवर सोलमधील कुणी देखणा नायक अश्रू ढाळीत असतो, असे पालक सांगतात. त्यांची व्यथा आम्हांस समजते. मात्र ही तक्रार करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्या मालिकेचा एकही भाग पाहिलेला नसतो, आणि न पाहता केलेल्या टीकेला समीक्षा म्हणता येत नाही. या कलाकृती जगभर किती जण पाहतात, याची आकडेवारी वर्तमानपत्रे देतातच. ख्रिस्ती वाचकाला पडावा असा प्रश्न वेगळा आहे. आमच्या श्रद्धेतील प्रतिमा हे कलावंत उचलतात, तेव्हा त्यांचे ते काय करतात?

परक्याची कथा घेऊन ती जगाला परत देण्याची जपानी चित्रमालिकाकारांची हातोटी जुनी आहे. 1993 साली दूरदर्शनवर आलेला ‘मोगली’ आमच्या घराघरांत लाडका झाला. तो जपानी चित्रकारांनी रेखाटला होता, हे त्या वेळी कितीजणांना ठाऊक होते? कथा भारतातल्या जंगलाची, लेखक इंग्रज, चित्रे जपानी आणि गाणे हिंदी! ‘मोगली’ घडविणाऱ्या निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेचीच 1975 सालची ‘फ्लँडर्सचा कुत्रा’ ही बावन्न भागांची मालिका आमच्या चर्चेचा मुख्य विषय आहे.

मूळ कथा उइडा या टोपणनावाने लिहिणाऱ्या इंग्रज लेखिकेची, 1872 सालची. नेलो हा अनाथ मुलगा आजोबांबरोबर अँटवर्पजवळच्या खेड्यात राहतो. मरणाच्या दारी टाकून दिलेला पात्राश नावाचा कुत्रा त्यांनी वाचविलेला आहे. दोघे मिळून दुधाची गाडी शहरात नेतात. नेलोला चित्रकार व्हायचे आहे, आणि अँटवर्पच्या कॅथेड्रलमधील रुबेन्सची दोन चित्रे, ‘क्रूस उभारताना’ आणि ‘क्रूसावरून उतरविताना’, एकदा डोळे भरून पाहायची आहेत. वेदीवरचे मरियामातेच्या स्वर्गउन्नयनाचे चित्र कोणालाही दिसते. ही दोन मात्र पडद्याआड आहेत आणि पडदा पैसे दिल्यावाचून सरकत नाही. आजोबा जातात, आगीचा खोटा आळ येतो, घर सुटते. नाताळच्या आदल्या रात्री तो स्वतःच पडदे बाजूला सारतो. नेलो ती चित्रे पाहतो, आणि सकाळी मुलगा व कुत्रा थंडीने गारठून एकमेकांच्या मिठीत मेलेले सापडतात.

लहानशा कथेचे बावन्न भाग करताना मालिका ताणली जाणारच, आणि ती ताणली गेली आहे. दूध, बर्फ, पवनचक्की आणि शेजाऱ्यांचा संशय यांची पुनरावृत्ती काही ठिकाणी कंटाळवाणी होते. तरीही या संथपणाचा एक लाभ आहे. वर्षभर आठवड्यामागून आठवडा त्या मुलाबरोबर दुधाची गाडी ओढलेला प्रेक्षक त्याच्याइतकाच त्या पडद्यापुढे ताटकळत राहतो. शिवाय दिग्दर्शक योशिओ कुरोदा यांनी शेवट बदलला नाही. याच कथेवरील 1959 आणि 1999 सालच्या अमेरिकन चित्रपटांनी नेलोला जिवंत ठेवून कथा गोड केली. जपानी मालिकेने मुलांपुढे मृत्यू तसाच ठेवला. तो ठेवल्यावर मात्र देवदूतांचा थवा उतरवून नेलो, कुत्रा आणि गाडीसुद्धा स्वर्गात नेण्याचा मोह तिला आवरला नाही. आम्हांस तो प्रसंग अनावश्यक वाटतो. क्रूसावरून उतरविलेल्या प्रभूसमोर मूल निजले आहे, एवढे पुरेसे होते.

ज्या देशात शंभरात जेमतेम एक माणूस ख्रिस्ती आहे, त्या देशाला हा प्रसंग पिढ्यान्‌पिढ्या रडवीत आला आहे. जपानी प्रवासी अँटवर्पला जाऊन नेलोचे गाव विचारू लागले, तेव्हा स्थानिकांना त्या कथेची फारशी ओळखही नव्हती. पुढे होबोकेन येथे मुलाचा आणि कुत्र्याचा पुतळा बसला. 2016 साली खुद्द कॅथेड्रलसमोरील चौकात पांढऱ्या संगमरवराचे शिल्प आले. त्यात रस्त्याच्या फरशीचेच पांघरूण ओढून मुलगा व कुत्रा झोपले आहेत. देवदूतांपेक्षा हे पांघरूण आम्हांस अधिक भावते.

यात कोणाचे धर्मांतर झाले, असा दावा आम्ही करणार नाही; तो खोटा ठरेल. या कथेचा रोख आहे आमच्याकडे. प्रभूचे दुःख पाहण्यासाठी गरिबाच्या मुलाला पैसे मोजावे लागतात, हा तिने चर्चवर ठेवलेला ठपका आहे, आणि जपानी मालिकेने तो पुसलेला नाही. (आज त्या कॅथेड्रलमध्ये पर्यटकांना शुल्क पडते. प्रार्थनेला येणाऱ्याला पडत नाही. नेलोने यांपैकी कोणत्या रांगेत उभे राहावे?)

कोरियाकडे वळले की चित्र पालटते. ‘तापट धर्मगुरू’ असे जिचे नाव मराठीत होईल, ती 2019 सालची मालिका आमच्याकडील तरुणांनीही आवडीने पाहिली आहे. 2024 साली तिचा दुसरा भाग आला. नायक फादर किम हे-इल पूर्वी गुप्तहेर होता. त्याच्या पितृतुल्य वृद्ध धर्मगुरूचा खून होतो आणि मृताच्याच माथी विनयभंगाचा व अफरातफरीचा आरोप मारला जातो. मग झगा सावरीत हा फादर गुंडांना लोळवू लागतो. मालिका चटपटीत आहे. एकेकाळी जुगारात नाव काढलेली सिस्टर तर बेहद्द गमतीची आहे. परंतु तिच्यातले चर्च म्हणजे केवळ पोशाख आहे. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. धर्मगुरूवरील आरोप खोटाच निघणार, याची प्रेक्षकाला आधीच खात्री असते. खऱ्या आरोपांनी जगभरची धर्मपीठे हादरली असताना ही सोय फारच स्वस्त आहे.

खेद याचा की, खऱ्या तापट धर्मगुरूंची कथा कोरियापाशी आहे. जानेवारी 1987 मध्ये पार्क जोंग-चोल हा विद्यार्थी पोलिसांच्या छळाने मेला. टेबलावर हात आपटताच तो कोसळला, असे पोलिसांनी सांगितले. 18 मे रोजी सोलच्या म्योंगदाँग कॅथेड्रलमध्ये न्यायासाठी झटणाऱ्या धर्मगुरूंच्या संघाने या प्रकरणातील लपवाछपवी जाहीर केली. जूनमध्ये विद्यार्थ्यांनी त्याच मंदिराचा आश्रय घेतला. तेव्हा, विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचायचे तर आधी मला, मग धर्मगुरूंना आणि सिस्टरांना तुडवून जावे लागेल, असे कार्डिनल किम सू-ह्वान यांनी सरकारला बजावले. मूठ कोणी उगारली नाही. या घटनांवरचा ‘1987’ हा चांग जून-ह्वान यांचा 2017 सालचा चित्रपट कोरियात सत्तर लाखांहून अधिक लोकांनी पाहिला. आमच्या मुलामुलींपैकी फारच थोड्यांना त्याचे नाव ठाऊक आहे.

2027 च्या ऑगस्टचा जागतिक युवा दिन सोलला ठरला आहे. त्या निमित्ताने धर्मग्रामाच्या सभागृहात हा चित्रपट दाखवावा, अशी आमची सूचना आहे. त्यातला छळ पाहवत नाही, तेव्हा लहान मुलांना त्या संध्याकाळी घरीच ठेवावे. इंग्रजी अक्षरे पडद्याच्या तळाशी भराभर सरकतात. आजीआजोबांच्या शेजारी बसून हलक्या आवाजात अर्थ सांगणारे एखादे मोठे नातवंड मात्र प्रत्येक बाकावर हवे.