भूमिका कुठे घडते?

मराठी नट मेहनतीला कमी पडतो, असं कुणी म्हणू नये. मालिकेचं चित्रीकरण उरकून रात्री तालमीला येणारी आणि शनिवार-रविवारी गाव बदलत प्रयोग करणारी ही मंडळी कष्टाळूच आहेत. पण त्यांची तयारी दिवसेंदिवस एकट्याची होत चालली आहे. चाल, आवाज, एखादी लकब घरीच बेतायची आणि तालमीत आणून मांडायची. समोरचा नट ती बदलेल, अशी फट तिच्यात उरत नाही. आजच्या अभिनयाचं मुख्य दुखणं मला इथे दिसतं.

आपली परंपरा अशी नव्हती. शाहूनगरवासी नाटक मंडळीतल्या गणपतराव जोशींचा हॅम्लेट गाजला तो आगरकरांच्या ‘विकारविलसित’मधून, आणि त्यामागे प्रा. वासुदेव बाळकृष्ण केळकरांची तालीम होती. इंग्रजी साहित्याचा प्राध्यापक नटाला नाटकाचा अर्थ उलगडून सांगतो आणि नट तो आपल्या गळ्यातून, अंगातून शोधतो, ही व्यवस्था आपल्याकडे तेव्हापासूनची. पुढे के. नारायण काळ्यांनी ‘अभिनयसाधना’तून स्तानिस्लाव्हस्की मराठीत आणला आणि ‘पात्राला या क्षणी काय हवं आहे?’ हा प्रश्न तालमीच्या भाषेत रुळला. प्रश्न रुळला, पण त्याचं उत्तर एकट्या नटाकडे नसतं, ही गोष्ट मागे राहिली.

जयवंत दळवींचं ‘बॅरिस्टर’ घ्या. 1977 साली विजया मेहतांनी ते बसवलं आणि मावशीची भूमिकाही त्यांनीच केली. विक्रम गोखले बॅरिस्टर होते, सुहास जोशी राधाक्का. बॅरिस्टर विलायतेहून शिकून आलेला, बोलण्यात कमालीचा सभ्य. त्याच्या घराण्यात वेड आहे आणि ते आपल्यापर्यंत येणार, या धास्तीत तो जगतो. हुशार नटाला इथे पहिला मोह होतो तो धास्ती दाखवण्याचा. थरथरती बोटं, हरवलेली नजर, मध्येच तुटणारं वाक्य. पण संहिता नीट वाचली तर कळतं की हा माणूस सर्व शक्ती ती लपवण्यात खर्च करतो आहे. त्याची सभ्यता हेच त्याचं कुंपण. मग भीती दिसणार कुठे? ती दिसते मावशीच्या वागण्यात, आणि विधवा राधाक्काच्या बाजूने उभा राहिलेला हा माणूस तिला हात द्यायची वेळ येताच मागे सरतो तेव्हा. म्हणजे बॅरिस्टरचं अर्धं काम इतर दोघींच्या अंगावर घडतं. राधाक्काने त्याच्याकडे किती विश्वासाने पाहायचं, हे ठरल्याशिवाय त्याचं मागे सरणं किती जिव्हारी लागेल, हे ठरत नाही. कितीही प्रतिभावान नटाला हे घरी बसून सापडायचं नाही. दिग्दर्शिका स्वतः मावशी म्हणून त्या घरात वावरत होती, हे या नाटकाच्या पथ्यावरच पडलं असणार.

अर्थात प्रत्येक भूमिका मनाच्या तळाशी उतरून सापडते असंही नाही. 1972 च्या ‘घाशीराम कोतवाल’मधले नाना फडणवीस डॉ. मोहन आगाशे यांनी केले. ते पेशाने मनोविकारतज्ज्ञ, पण हा नाना मनोविश्लेषणाने उभा राहणारा नव्हे. तो उभा राहतो भास्कर चंदावरकरांच्या संगीतावर, कृष्णदेव मुळगुंदांच्या नृत्यरचनेवर आणि मागे झुलणाऱ्या ब्राह्मणांच्या भिंतीसमोर. तिथे नटाची तयारी म्हणजे लय अंगात मुरवणं. त्याच वर्षीच्या ‘सखाराम बाइंडर’मध्ये लोकनाट्यातून आलेले निळू फुले होते. समोरच्याचं वाक्य झेलून लगेच परतवण्याची वगातली सवय सखारामच्या दांडग्या बोलण्याला किती उपयोगी पडली असेल! तीन नाटकं, तीन वेगळ्या वाटा. कोणती वाट धरायची हे नाटक सांगतं, नटाची आवड नव्हे. एकच पद्धत शिकवणाऱ्या अलीकडच्या कार्यशाळांबद्दल माझी तक्रार हीच आहे.

आणि मग ‘नटसम्राट’. 1970 साली डॉ. श्रीराम लागू गणपतराव बेलवलकर झाले तेव्हा ते चाळिशीत होते. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनी ही भूमिका केली. बेलवलकरांच्या तोंडची भाषा दोन थरांची आहे. एक निवृत्त बापाची, दुसरी आयुष्यभर केलेल्या राजांची. कुठल्या क्षणी म्हातारा बोलतो आणि कुठल्या क्षणी त्याच्या आधाराला जुनी भूमिका धावून येते, हे वाक्यावाक्याला ठरवावं लागतं. हा निवाडा न करता स्वगतं उचलली की उरतं फक्त वक्तृत्व. टाळ्या मिळतात, पण कावेरी आणि मुलं रंगमंचावर असून नसल्यासारखी होतात. हल्ली बदली नटाच्या हातात आधीच्या प्रयोगाचं चित्रीकरण दिलं जातं. ते पाहून जागा, पॉज, एंट्री सगळं जमतं, पण आधीच्या नटाने तो पॉज का घेतला, हे चित्रीकरणात नसतं.

निर्मात्यांची अडचण मला मान्य आहे. तालमीचा हॉल महाग, नटांच्या तारखा जुळत नाहीत. तरीही ‘संगीत देवबाभळी’सारखं नाटक याच काळात उभं राहिलं. प्राजक्त देशमुखांचं हे नाटक 2017 साली व्यावसायिक रंगभूमीवर आलं, ते एकांकिकेतून वाढत. शुभांगी सदावर्तेंची आवली, म्हणजे तुकारामांची बायको, आणि मानसी जोशींची लखूबाई, म्हणजे विठ्ठलाची रखुमाई, यांना पाहताना कुणी काय आधी बेतलं, हे सांगता येत नाही. एकीचा त्रागा दुसरीच्या शांतपणावर आपटतो आणि त्या शांतपणालाही हळूहळू धार येते. विठ्ठल रंगमंचावर येत नाही, तरी दोघींच्या बोलण्यात तो वेगवेगळा दिसतो.

म्हणून निर्मात्यांकडे माझी मागणी साधी आहे. हालचाली बसवण्याआधी पहिला आठवडा सर्व नटांनी एकत्र बसून संहिता वाचावी. ज्याचा प्रवेश नाही त्यानेही. प्रत्येकाने आपल्या पात्राविषयी इतर पात्रं काय म्हणतात तेवढंच आधी वेगळं काढावं, आणि कोण खोटं बोलतं आहे यावर भांडावं. बदली नटालाही चित्रीकरणाच्या आधी अशा दोन बैठका मिळाव्यात. याला खर्च फार नाही. तारखा देताना नटांनीच ती अट घातली तर ते उद्यापासूनही सुरू होऊ शकतं.