तज्ज्ञांचं मत किती रुग्णांच्या वजनाचं?

सॅम्पल साइझच्या सूत्रात 'अपेक्षित फरक' म्हणून एक आकडा टाकावा लागतो. तो कुठून येतो, हे तुम्ही कधी तपासलंय का? बऱ्याचदा तो चार ज्येष्ठांच्या बैठकीत ठरतो आणि प्रोटोकॉलमध्ये असा काही जाऊन बसतो, की जणू वरूनच आलाय!

प्रॉपर ही ट्रायल घ्या. ती २०१५ साली 'जामा'त आली. उत्तर अमेरिकेतली १२ ट्रॉमा केंद्रं, प्रचंड रक्तस्राव होणारे ६८० जखमी. प्रश्न असा, की प्लाझ्मा, प्लेटलेट्स आणि लाल पेशी १:१:१ या प्रमाणात द्यायच्या की १:१:२? आखणी करताना पहिल्या २४ तासांत शंभरामागे १० मृत्यू कमी होतील एवढा फरक धरला होता. प्रत्यक्षात मृत्यू १२.७ आणि १७ टक्के, म्हणजे फरक ४.२चा (दशांशाचा घोळ राउंडिंगमुळे). p आली ०.१२, आणि निष्कर्ष: लक्षणीय फरक नाही.

म्हणजे तज्ज्ञांचं मत नेहमीच्या ट्रायलमध्येही असतंच, फक्त लपलेलं. बेझियन मंडळी म्हणतात, ते उघड मांडा. प्रत्येक तज्ज्ञाला २० चिप्स द्या आणि 'फायदा शून्य', 'शंभरामागे ५', 'शंभरामागे १०' अशा खणांत त्या वाटून ठेवायला सांगा. त्यातून प्रायर तयार होतो. जखमींना पूर्ण रक्त द्यावं का, या प्रस्तावित ट्रायलसाठी तज्ज्ञांकडून असे प्रायर घेतल्याचा पेपर २०२० साली 'ट्रान्सफ्यूजन'मध्ये आला होता. ही पारदर्शकता मला मनापासून पटते. पण ते मत अंतिम विश्लेषणात घालायचं म्हटलं, की माझी गाडी अडते.

का, ते आकड्यांतच बघा. प्रॉपरच्या फरकाची ९५ टक्के मर्यादा ९.६ने कमी ते १.१ने जास्त अशी आहे, म्हणजे प्रमाण त्रुटी साधारण २.७. आता दोन प्रायर घेऊ. दोन्ही मी बनवलेले आहेत, कुणाला विचारून घेतलेले नाहीत. आशावादी तज्ज्ञ म्हणतो फायदा १०चा, संशयी म्हणतो शून्य; प्रमाण विचलन दोघांचंही ४. नॉर्मल वितरण धरून कागदावर गणित होतं, करून बघाच. 'थोडा तरी फायदा आहे' याची शक्यता संशयी प्रायरनं ९० टक्के, आशावादी प्रायरनं ९९च्या वर. इथपर्यंत ठीक. पण 'फायदा शंभरामागे किमान ५ आहे' याची शक्यता? संशयी १७ टक्के, आशावादी ६८! डेटा तोच, रुग्ण तेच.

असं होतं कारण ४ हे प्रमाण विचलन दिसतं तेवढं भोळं नाही. ६८० रुग्णांनी २.७ची त्रुटी दिली, या हिशोबानं तो प्रायर ३००हून अधिक रुग्णांच्या माहितीइतका जड आहे. खुर्चीत बसून मांडलेल्या २० चिप्स ट्रायलमधल्या जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या बरोबरीच्या झाल्या की!

यावर लगेच उत्तर मिळतं, 'आम्ही एक नाही, दहा तज्ज्ञ विचारले.' पण त्या दहा जणांनी वाचलंय काय? प्लाझ्माबद्दलचा उत्साह वाढवणाऱ्या पेपरांमध्ये बोर्गमन आणि सहकाऱ्यांचा २००७चा अभ्यास ठळक आहे: इराकमधल्या लष्करी रुग्णालयातले २४६ रुग्ण, प्लाझ्माचं प्रमाण सर्वांत कमी असलेल्या गटात मृत्यू ६५ टक्के, सर्वांत जास्त असलेल्या गटात १९. बघून कुणीही हरखेल. पण त्यात कुणाला किती प्लाझ्मा, हे चिठ्ठी टाकून ठरलं नव्हतं. प्लाझ्मा गोठवलेला असतो, वितळायला वेळ लागतो. तेवढ्यात जो दगावतो, त्याची नोंद आपोआप 'कमी प्लाझ्मा' गटात जाते. तो प्लाझ्मा न मिळाल्यानं गेला, की आधीच गेल्यामुळे त्याला प्लाझ्मा मिळाला नाही? सर्जनचा रोजचा अनुभवही याच गाळणीतून येतो. म्हणून दहा तज्ज्ञ म्हणजे दहा स्वतंत्र साक्षी नव्हेत. एकच साक्ष दहा तोंडांतून आलेली असू शकते. आणि मतं खरंच दुभंगलेली असतील, निम्मे म्हणतात १० आणि निम्मे शून्य, तर सरासरी येते ५, जी त्यांच्यापैकी एकालाही मान्य नाही.

मग तज्ज्ञांना विचारूच नये? विचारावं, पण आखणीसाठी. पॉवर ९० टक्के म्हणताना आपण 'फरक खरंच १०चा असेल तर' हे हळूच गिळतो. त्याऐवजी तज्ज्ञांच्या सगळ्या चिप्सवर सरासरी काढून ट्रायल यशस्वी होण्याची शक्यता मांडा. ओ'हेगन वगैरे मंडळी तिला अ‍ॅश्युरन्स म्हणतात. ती बहुधा त्या ९० टक्क्यांपेक्षा कमीच भरते, आणि निधी मागायला जाण्याआधी ते कळलेलं बरं. विश्लेषणात मात्र संशयी प्रायर मुख्य ठेवा आणि तज्ज्ञांचा शेजारी दाखवा.

तुमच्या जर्नल क्लबात असा पेपर आला, तर आधी प्रायरचं प्रमाण विचलन शोधा आणि त्याचे रुग्ण किती होतात ते काढा. मग चिप्स कोणत्या तारखेला मांडल्या ते बघा. डेटा फुटल्यानंतरची तारीख असेल, तर पुढची पानं वाचण्याआधी चहा घेऊन या.