विद्वत्सन्मानाची नोंद : पुण्याची दक्षिणा आणि नृसिंहवाडी

महाराष्ट्रातील विद्वत्सन्मानाचा इतिहास म्हणून जो सांगितला जातो, तो बहुतांशी पुण्याच्या दक्षिणेचा इतिहास होय. सेनापती दाभाड्यांनी तळेगावी चालविलेली ही प्रथा 1731 नंतर पेशव्यांकडे आली. पेशवाईनंतर इंग्रज सरकारने ती रक्कम घटवीत चालविली. 1851 मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी निघाली आणि पुढे त्याच द्रव्यातून ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले. रानडे व भांडारकर हे दोघेही ह्याच मालिकेतले. अमेरिकेतील ‘फाय बीटा काप्पा’ ह्या 1776 साली स्थापन झालेल्या विद्वन्मंडळाशी तिची तुलना करण्याचा मोह सहज होतो. पण ती अर्धीच जुळते. तेथे सभासदच नवे सभासद निवडीत. येथे अटी दाता ठरवी, आणि दाता बदलताच विद्येची व्याख्याही बदले.

ह्याच्या उलट टोकाला नृसिंहवाडी आहे. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील ह्या दत्तक्षेत्री विद्वत्तेची कसोटी पाठांतर ही होती. ‘दत्तपुराणा’चे कर्ते वासुदेवानंद सरस्वती (1854–1914) हे रानड्यांच्या नंतरच्या पिढीतले, त्यांना कोणी फेलो नेमले नाही. वाडीत त्यांनी रचलेली ‘करुणात्रिपदी’ तेथे आजही म्हटली जाते, हाच त्यांचा सन्मान. दात्यावाचून टिकलेला म्हणून तो अधिक निर्मळ, असा निष्कर्ष भाविक लेखक लगेच काढतात. येथेच घाई होते.

दक्षिणा ब्राह्मणांपुरती व संस्कृत विद्येपुरती होती, हे खरेच. परंतु तिला दफ्तर होते, रक्कम होती, उत्तरदायी अधिकारी होता. म्हणूनच 1849 साली पुण्यातील नवशिक्षितांना तिच्याविरुद्ध अर्ज करता आला, मराठी ग्रंथांसाठी त्या द्रव्यातील वाटा मागता आला, आणि जुन्या शास्त्रीमंडळींचा रोष पत्करून तो मिळवताही आला. पाठपरंपरेला असे दफ्तर नसते. कोणी कोणास पाठास बसविले नाही, ह्याची नोंद नसल्याने दाद कोणाकडे मागावयाची, हाच प्रश्न. वाडीपासून फार दूर नसलेल्या कोल्हापुरात 1899 च्या सुमारास वेदोक्त प्रकरण उभे राहिले, तेव्हा प्रत्यक्ष छत्रपतींनाही परंपरेकडून मान्यता मिळाली नाही. शाहू महाराजांनी पुरोहितांची वतने जप्त केली. तरीही वेदाधिकाराचा निर्णय परंपरेच्याच हाती राहिला, आणि अखेर 1920 मध्ये त्यांना क्षात्रजगद्गुरूंचे स्वतंत्र पीठ स्थापावे लागले.