काशीकरांचा न्याय

विजय तेंडुलकरांचें 'शांतता! कोर्ट चालू आहे' हें नाटक १९६७ सालीं रंगभूमीवर आलें. त्या काळीं भारतीय दंडविधानाच्या ३१२ व्या कलमान्वयें, मातेचा जीव वांचविण्याचा हेतु नसतां गर्भपात करणें हा अपराध होता, आणि स्वतः गर्भपात करून घेणारी स्त्रीहि त्यांतून सुटत नव्हती. ही गोष्ट ध्यानांत ठेविली म्हणजे काशीकरांच्या निकालांतील विसंगति उघडी पडते. बेणारेबाईंवर आरोप भ्रूणहत्येचा. आणि शिक्षा कोणती, तर उदरांतील गर्भ नष्ट करावा ही! ज्या कृत्याबद्दल आरोपीस पिंजऱ्यांत उभें केलें, तेंच कृत्य न्यायासन फर्मावितें.

कित्येक वाचक हें नाटक गर्भपाताच्या मोकळिकीचा कैवार घेणारें मानतात. आम्हांस तें पटत नाहीं. बेणारेला मूल हवें आहे. त्याला बाप मिळावा म्हणून ती पोंक्ष्यापुढेंहि पदर पसरते. गर्भ ठेवण्याचा निर्णय तिचा आहे, आणि नेमका तोच हिरावला जातो. (प्रोफेसर दामल्यांची जागा मात्र अखेरपर्यंत रिकामीच राहते, आम्हां प्राध्यापकांस हें चित्र सुखावह नाहीं.)

१९७१ च्या कायद्यानें निर्णय डॉक्टरांच्या मताधीन ठेविला, आणि संततिनियमनाचें साधन निष्फळ ठरल्याचा आधार केवळ विवाहितेस दिला. २०२१ सालीं 'पती'च्या जागीं 'जोडीदार' आला. डॉक्टरांचें मत तसेंच राहिलें.

नाटकाविषयीं आमची तक्रार एकच. बेणारेचें अखेरचें स्वगत प्रेक्षक ऐकतात, कोर्ट ऐकत नाहीं. त्यामुळें काशीकरांवर उत्तर देण्याची पाळी येतच नाहीं.