शय्याव्रणांचा परिव्यय : एका हिशेबाची समीक्षा

२००४ साली ‘एज अँड एजिंग’ या नियतकालिकात बेनेट, डीली व पॉस्नेट यांनी ब्रिटनमधील शय्याव्रणांच्या परिव्ययाचा जो अंदाज प्रसिद्ध केला, तो पुढे या विषयावरील लिखाणात वारंवार उद्धृत होत गेला. दाबल्यावरही न जाणारी लाली एवढेच लक्षण असलेल्या पहिल्या श्रेणीच्या व्रणास १,०६४ पौंड. स्नायू व हाडापर्यंत पोचलेल्या चौथ्या श्रेणीच्या व्रणास १०,५५१ पौंड. आणि एकूण वार्षिक खर्च १४० ते २१० कोटी पौंड, म्हणजे राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या खर्चाच्या सुमारे शेकडा चार. आकडे डोळे दिपविणारे आहेत. पण ते कशाचे आकडे आहेत हे पाहिल्यावाचून त्यांवर धोरण उभारता येणार नाही.

हा हिशेब रुग्णालयांच्या जमाखर्चाच्या वह्यांतून उतरलेला नाही. चांगल्या शुश्रूषेस दररोज काय काय लागते याचे कोष्टक मांडून, व्रण भरून येण्यास लागणाऱ्या दिवसांचा व उद्भवणाऱ्या गुंतागुंतींचा मेळ त्याच्याशी घालून तो सिद्ध केला आहे. पद्धती म्हणून तीत गैर काही नाही, आणि लेखकांनी ती लपविलेलीही नाही. मात्र तिच्यातून जे घडावयास हवे त्याचे मोल निघते. प्रत्यक्ष शुश्रूषा तोकडी असेल तेथे खर्च कमी आणि यातना अधिक, हे त्या कोष्टकात उमटत नाही. शिवाय या खर्चाचा फार मोठा भाग परिचारिकांच्या वेळेचा आहे. व्रण टळला म्हणून परिचारिकेचे वेतन कमी होत नाही. तिचे तास शेजारच्या खाटेकडे वळतात. हा लाभ खरा आहे, किंबहुना तोच महत्त्वाचा. परंतु त्यास अंदाजपत्रकात ‘बचत’ म्हणून दाखविणाऱ्या व्यवस्थापकाला वर्षअखेर ती रक्कम कोठेही सापडणार नाही.

प्रतिबंधाची बाजूही सरळ नाही. उपचार व्रण झालेल्यांवरच होतात; प्रतिबंधाचा खर्च धोका असलेल्या प्रत्येकावर करावा लागतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत आळीपाळीने दाब बदलणाऱ्या गाद्या आणि त्याच तत्त्वावरील, गादीवर अंथरावयाची आच्छादने यांची तुलना झाली. नवे व्रण अनुक्रमे शेकडा १०.३ व १०.७ रुग्णांना झाले, म्हणजे फरक नाहीच म्हणावयाचा. तरीही महागडी गादीच एकंदरीत स्वस्त पडण्याचा संभव अधिक दिसला, कारण त्या गटातील रुग्णांचा रुग्णालयातील मुक्काम सरासरीने कमी भरला आणि व्रणही उशिरा उद्भवले.

महाराष्ट्रातील सरकारी रुग्णालयांत रुग्णाची कूस बदलण्याचे काम पुष्कळदा उशाशी बसलेले नातेवाईकच करतात. ब्रिटिश कोष्टक तेथे जसेच्या तसे लावले, तर परिचारिकेच्या वेळेचा रकाना अपुरा भरेल, आणि नातेवाइकांच्या बुडालेल्या रोजंदारीस त्यात रकानाच नसेल.