अ‍ॅनाच्या नकाशावर नगर नाही

परदेशी राहून तेथील मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्या स्त्रियांमध्ये अ‍ॅना लिओनोवेन्स हिच्याइतकी ख्याती क्वचितच कुणाला लाभली असेल. सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा राजा मोंगकुट याच्या मुलांना तिने १८६२ ते १८६७ या काळात बँकॉकच्या राजवाड्यात शिकवले आणि १८७० मध्ये ‘द इंग्लिश गव्हर्नेस अ‍ॅट द सायामीज कोर्ट’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. मार्गारेट लँडनची कादंबरी (१९४४), ब्रॉडवेवरचे संगीत नाटक (१९५१) आणि चित्रपट या साऱ्यांचे मूळ तेच. पडद्यावरचा नाचणारा राजा पुष्कळांना ठाऊक असतो. मूळ पुस्तक मात्र फारसे कुणी उघडत नाही.

ते उघडावे, निदान वर्गाच्या वर्णनांसाठी. राजवाड्याच्या अंतर्भागातील एका मंदिराच्या मंडपात, वेबस्टरची स्पेलिंगची पुस्तके पुढ्यात घेऊन राजपुत्र आणि राजकन्या इंग्रजी अक्षरे घोकतात. मुलांच्या जुन्या नकाशात सयाम म्हणजे ऐन मध्यभागी भलामोठा लाल पट्टा. मग खरा नकाशा आणि पृथ्वीगोल येतो, आणि आपला देश एवढासा ठिपका पाहून मुले थक्क होतात. बाईंची मायभूमी इंग्लंड त्याहूनही लहान, एवढेच काय ते त्यांचे समाधान! प्रसंग मोठा लोभस उतरला आहे.

पण बाईंची जन्मभूमी इंग्लंड नव्हतीच. आपण वेल्समध्ये एका कॅप्टनच्या घरी जन्मलो, असे ती सांगत असे. डब्ल्यू. एस. ब्रिस्टो यांनी १९७६ मध्ये आणि पुढे सुझन मॉर्गन (२००८) व आल्फ्रेड हॅबेगर (२०१४) यांनी जुनी दप्तरे धुंडाळून दाखवले, की तिचा जन्म १८३१ मध्ये अहमदनगरचा, आजच्या अहिल्यानगरचा. बाप कंपनीच्या फौजेतला साधा सार्जंट, तिच्या जन्माआधीच वारलेला. आजी बहुधा हिंदी रक्ताची. १८४९ मध्ये पुण्यात तिने थॉमस लिऑन ओवेन्स या कारकुनाशी लग्न केले. ‘लिओनोवेन्स’ हे भारदस्त आडनाव त्याच्या नावांच्या जोडणीतून घडले. १८५९ मध्ये तो पेनांगला वारला, तेव्हा तिच्या पदरी दोन मुले होती. नगरच्या बराकीत जन्मलेल्या मिश्र वंशाच्या विधवेला त्या काळी राजवाड्यात गव्हर्नेस म्हणून कोण बोलावणार होते? पाहुणे आले की घरची बोली दडपणारे आईबाप आपल्या धर्मग्रामांतही आहेत. म्हणून या लपवाछपवीवर दगड उचलायला माझा हात धजत नाही.

माझी तक्रार आहे ती पुस्तकातल्या राजाविषयी. मोंगकुट गादीवर येण्यापूर्वी सत्तावीस वर्षे बौद्ध भिक्षू होता. इंग्रजी तो अमेरिकन मिशनऱ्यांकडून शिकला, आणि लॅटिन बँकॉकच्या फ्रेंच कॅथलिक बिशप पाल्ग्वा यांच्याकडून. बिशपसाहेबांनी उलट त्याच्याकडून पाली भाषेचे धडे घेतले. सयामी, लॅटिन, फ्रेंच आणि इंग्रजी अशा चार भाषांचा त्यांचा कोश १८५४ मध्ये निघाला. अ‍ॅना बँकॉकला पोहोचली त्याच वर्षी, १८६२ मध्ये, ते निवर्तले. राजाने अ‍ॅनाला बोलावताना इंग्रजी शिकवा, धर्म शिकवू नका, अशी अट घातली होती. पूर्वी राजवाड्यात शिकवायला येणाऱ्या मिशनऱ्यांच्या पत्नींचा अनुभव त्याच्या गाठीशी होता. अट कडक खरी, पण ती समजून उमजून घातलेली आहे.

अ‍ॅनाच्या लेखणीतून हा विद्वान बहुतांशी लहरी जुलमी राजा होऊन उतरतो. पाच वर्षांच्या वास्तव्याची उपशीर्षकात सहा वर्षे होतात. बँकॉकच्या पाणथळ जमिनीखाली तळघरातले तुरुंग निघतात. १८७३ च्या ‘द रोमान्स ऑफ द हॅरेम’मध्ये तर कल्पनेला धरबंधच उरत नाही. जनानखान्यातील दासींविषयीची तिची कळवळ मात्र मला खोटी वाटत नाही. तिथे शब्द आपोआप साधे होतात. पण पाल्ग्वा आणि मोंगकुट एकमेकांचे शिष्य झाले, तसे तिचे आणि राजाचे या पानांत कुठेच होत नाही. आपले घर झाकलेल्या शिक्षिकेला दुसऱ्याच्या घरातला अंधारच तेवढा ठळक दिसावा, हे मला या पुस्तकाचे खरे वैगुण्य वाटते. थायलंडने १९५६ आणि १९९९ चे दोन्ही चित्रपट दाखवू दिले नाहीत, त्यात मला नवल वाटत नाही.

१८८४ मध्ये तिने हिंदुस्थानावरही एक पुस्तक लिहिले. त्यातही ती या मुलखात पाहुणी म्हणूनच वावरते.