कागद नसलेली गाळणी

स्प्लेंडरच्या उजव्या अंगाचं मोठं कव्हर उतरवलं की मागे क्लचचं रुंद घर दिसतं आणि त्याच्या पुढे, क्रँकच्या टोकावर बसवलेली एक छोटी गोल डबी. या डबीचा फोटो मी कुठल्या जाहिरातीत पाहिलेला नाही. वर्षानुवर्षं गाडी चालवणाऱ्यांनाही ती माहीत नसते. मला मात्र या इंजिनातली सगळ्यांत देखणी वस्तू हीच वाटते. ही डबी म्हणजे गाडीचा ऑईल फिल्टर. तिच्यात कागद नाही, कापड नाही, जाळीही नाही. ती क्रँकबरोबर नुसती फिरते, आणि फिरता फिरता तेलातला गाळ बाजूला काढते.

घरी ऑईल बदलणारे बहुतेक जण खालचा बोल्ट काढतात, जुनं तेल सोडतात, नवं भरतात आणि हात पुसतात. काम दहा मिनिटांचं, आणि तेवढं केलं तरी गाडीचं भलंच होतं. पण तेल बदलणं ही निम्मी गोष्ट झाली. गाळण्या उघडल्या की इंजिन बांधणाऱ्यांनी कुठे काय ओळखलं होतं, कशावर पैसा घातला आणि कशावर मुद्दाम घातला नाही, हे सगळं डोळ्यांनी दिसतं. त्यासाठी तासभर जास्त बसायची माझी केव्हाही तयारी असते.

पनवेल स्टेशनबाहेरच्या पार्किंगमध्ये एक फेरी मारा. बुलेट आहेत, पल्सर आहेत, स्कूटर तर ढिगाने आहेत. पण सगळीकडे दिसते ती स्प्लेंडर. हीरो होंडाची सीडी १०० आली १९८५ मध्ये, स्प्लेंडर १९९४ मध्ये. दोन्हींचं इंजिन ९७.२ सीसीचं आणि सिलिंडर जवळजवळ आडवा. होंडाने १९५८ मध्ये काढलेल्या सुपर कबच्या घराण्यातलंच हे इंजिन. हलकं, थोड्या तेलावर आणि थोड्या पेट्रोलवर चालणारं, आणि ज्याची निगा गावातल्या मिस्त्रीलाही राखता यावी असं. या इंजिनात जेमतेम एक लिटर ऑईल मावतं.

त्या एका लिटरवर किती कामांचा भार आहे ते आधी पाहिलं पाहिजे. जुन्या बुलेटमध्ये इंजिनाचं तेल वेगळं, प्रायमरी चेनच्या डब्यातलं वेगळं आणि गिअरबॉक्सचं वेगळं. तीन ठिकाणचं तेल, तीन ठिकाणी पाहायचं. स्प्लेंडरमध्ये हे तिन्ही संसार एकाच तेलावर चालतात. तेच तेल पिस्टनखालची उष्णता घेतं, तेच क्लचप्लेटा भिजवतं आणि तेच गिअरच्या दातांमध्ये चिरडलं जातं. या तिघांच्या गरजा एकमेकींच्या उलट आहेत. इंजिनाला घर्षण जितकं कमी तितकं हवं. क्लचप्लेटांना घर्षण लागतं, नाहीतर त्या घसरतात. गिअरच्या दातांमध्ये दाब एवढा येतो की तेल दाट ठेवण्यासाठी त्यात घातलेले लांब रेणू तुटत जातात आणि ऑईल हळूहळू पातळ होतं. म्हणूनच मोटारसायकलच्या ऑईलच्या डब्यावर जासो एमए अशी खूण पाहून घ्यावी लागते. ओल्या क्लचला चालणाऱ्या तेलासाठी जपानने १९९८ मध्ये हे मानक ठरवलं. घर्षण फारच कमी करणारं कारचं ऑईल यात ओतलं तर क्लच घसरायला लागू शकतो. ऑईल थकलं की सगळ्यांत आधी कळतं ते डाव्या पायाला. गिअर जड पडतो, न्यूट्रल सापडत नाही. गिअरबॉक्सची तक्रार म्हणून गाडी गॅरेजला जाते आणि बरी होते नव्या ऑईलने.

आता तेल सोडू. इंजिन चार मिनिटं चालवून कोमट करायचं, गाडी मेन स्टँडवर घ्यायची, खाली पसरट ट्रे ठेवायचा आणि सतरा नंबरच्या पान्याने बोल्ट सैल करायचा. पहिली धार पाहण्यासारखी असते. काळा रंग पाहून घाबरायचं कारण नाही. ऑईल काळं होतं ते जळणाची काजळी पोटात घेतल्याने, आणि ते त्याचं कामच आहे. पाहायचं ते बाकीचं. धारेला पेट्रोलचा वास आहे का? बोटांमध्ये चोळल्यावर कचकच लागते का? उन्हात धरलं तर चंदेरी झाक मारते का? नव्या गाडीच्या पहिल्या सर्व्हिसला ही झाक असतेच, कारण भाग एकमेकांवर बसत असतात. पन्नास हजार किलोमीटर झालेल्या गाडीत ती दिसली तर विचार करावा.

पनवेलमध्ये पावसाळ्यानंतरचं ऑईल वेगळंच बोलतं. ऑईल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळट-दुधाळ साय जमलेली असते. पुष्कळांना वाटतं की पावसाचं पाणी आत गेलं. गाडी गाढी नदीच्या पुरात बुडाली असेल तर तसंही होतं, पण एरवी हे पाणी इंजिनानेच तयार केलेलं असतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ तेवढंच पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. बहुतेक सायलेन्सरमधून बाहेर जातं, थोडं पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली उतरतं. लांबच्या प्रवासात तेल चांगलं तापतं, पाणी उडून जातं. पण खांदा कॉलनीतून किंवा नव्या पनवेलमधून स्टेशनपर्यंतची दोन-तीन किलोमीटर, दिवसभर पावसात उभी, संध्याकाळी परत तेवढीच, असं गाडीचं आयुष्य असेल तर तेल तापतच नाही. एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे, तेव्हा जुन्या हायवेने खोपोलीपर्यंत जाऊन या. त्या एका चकरेने ऑईलमधलं जे पाणी उडेल ते महिनाभराच्या स्टेशनवाऱ्यांनी उडणार नाही.

तेल निथळलं की उजवं कव्हर. किक काढायची, क्लचची केबल सोडायची, बोल्ट एकेक करून, आमनेसामनेचे आलटून पालटून, सैल करायचे. बोल्ट सगळे सारख्या लांबीचे नसतात. म्हणून पुठ्ठ्यावर कव्हराचा आकार काढून प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी खोचून ठेवावा. कव्हराखालचं पॅकिंग नवं आणलेलं असलं पाहिजे. जुनं पुन्हा बसवायचा मोह धरू नये.

आत गाळण्या दोन. पहिली जाळीची. क्रँककेसच्या तळाशी एका खाचेत ती सरकवलेली असते, आणि पंप तेल ओढतो ते तिच्यातून. तिच्याकडे गिअरबॉक्सचा फिल्टर म्हणूनच पाहावं. हिच्यात सापडतं ते जाडंभरडं: क्लचप्लेटच्या अस्तराचे तंतू, गिअरच्या दाताची एखादी कपची, मागच्या मिस्त्रीने जास्त लावलेल्या सीलंटचे रबरासारखे तुकडे. हे शेवटचं सगळ्यांत जास्त सापडतं, आणि त्याचा मला खरोखर राग येतो. दोन रुपयांच्या आळसाने पंपाचा घसा आवळला जातो. जाळी रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये मऊ ब्रशने धुवावी, उजेडाकडे धरून भोकं मोकळी आहेत ना ते पाहावं, आणि ज्या बाजूने निघाली त्याच बाजूने परत सरकवावी.

मग ती डबी. तिच्या तोंडावरचं झाकण काढलं की आतल्या भिंतीवर राखाडी-काळा लेप दिसतो. बोटाने खरवडला तर चिकणमातीसारखा निघतो. गंमत अशी की लेप मध्यभागी अजिबात नसतो. सगळा परिघाला, आणि सगळीकडे सारख्या जाडीचा. मोजून लिंपल्यासारखा.

हे होतं कसं, तर पंपाने पाठवलेलं तेल डबीच्या मध्यात येतं. डबी क्रँकवरच आवळलेली असल्याने क्रँकच्याच वेगाने फिरते. मिनिटाला साडेचार हजार फेरे म्हणजे या गाडीचा रोजचा वेग. मध्यापासून अडीच सेंटिमीटरवर असलेला कण या फिरण्यात गुरुत्वाकर्षणाच्या साडेपाचशे पटींहून अधिक जोराने बाहेर ढकलला जातो. तेल हलकं, धातू आणि धूळ जड. जड ते भिंतीला जाऊन चिकटतं, हलकं तेल मध्याजवळच्या भोकातून क्रँकच्या पोटात शिरतं आणि कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला पोचतं. गुस्ताफ दे लावालने १८७८ मध्ये दुधातून साय वेगळी करण्याचं यंत्र केलं ते याच तत्त्वावर. पनवेलजवळच्या न्हावा-शेव्याच्या बंदरात लागणारी मोठी जहाजंसुद्धा आपल्या इंजिनांचं तेल फिरत्या यंत्रांनीच शुद्ध करतात. त्यांचं यंत्र माणसाएवढं असतं. इथे तेच तत्त्व मुठीत मावतं आणि त्याला वेगळी मोटर लागत नाही.

या युक्तीची मोठी खुबी अशी की गाडी जितकी जोरात पळेल तितकी गाळणी जास्त काम करते. कागदाचा फिल्टर भरत गेला की तेलाला वाट अवघड होते. म्हणून त्याला सहसा एक पळवाटेची झडप ठेवावी लागते, आणि ती उघडली की न गाळलेलं तेल पुढे जातं. डबीत गाळ भिंतीला बसतो, वाटेत येत नाही. ती पार भरेपर्यंत तेल अडत नाही.

तो लेप कागदावर काढून कागदाखाली लोहचुंबक फिरवून पाहा. काही कण सरकतात, ते लोखंड: गिअर, रिंगा, सिलिंडर. काही जागचे हलत नाहीत. त्यात पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे, काजळी आहे, आणि एअर फिल्टरला चुकवून आलेली आपली धूळ आहे. कळंबोलीचे ट्रक, खडी क्रशर, उलव्याकडे विमानतळासाठी वर्षानुवर्षं चाललेली डोंगरफोड यांच्या वाऱ्यात ज्यांच्या गाड्या पळाल्या त्यांनी हा ढीग जरा नीट पाहावा. तो जास्त दिसला तर ऑईलच्या आधी एअर फिल्टर पाहायचा.

मग सगळ्या गाड्यांना हीच डबी का नाही? कारण ही सगळं पकडत नाही. अगदी बारीक काजळी, विरघळलेलं पेट्रोल, आम्लं हिच्या हातून सुटतात. त्यांना बाहेर काढायचं तर तेलच बदलावं लागतं. स्प्लेंडरला एवढ्यावर भागतं ते तिचा क्रँक बॉल बेअरिंगवर आणि कनेक्टिंग रॉड रोलरवर फिरतो म्हणून. रोलर बारीक धूळ सोसतो, त्याला तेलाचा मोठा दाबही लागत नाही. मोठ्या इंजिनांत साधे बेअरिंग असतात, केसाहून कितीतरी पातळ अशा तेलाच्या थरावर तरंगणारे. तिथे कागद लागतोच. म्हणजे फिल्टर स्वस्त ठेवता आला तो बेअरिंग विचाराने निवडल्यामुळे. मला या इंजिनात मानावंसं वाटतं ते हे.

दुसऱ्या टोकाची गाडी म्हणजे होंडाची आफ्रिका ट्विन. २०१७ मध्ये ती भारतात आली ती ड्युअल क्लच गिअरबॉक्स घेऊनच. तिच्यात क्लच दाबायला हात नाही, तेलाचा दाब आहे, आणि तो दाब इकडून तिकडे वळवतात विजेवर उघडमीट करणाऱ्या नाजूक झडपा. एखादा कण झडपेत अडकला की गिअर वेळेवर पडणार नाही. म्हणून इंजिनाच्या फिल्टरखेरीज क्लचच्या तेलासाठी तिथे दुसरा कागदी फिल्टर आहे, उजवीकडच्या छोट्या झाकणामागे, स्प्रिंगने दाबून बसवलेला. त्याची बाहेरची बाजू छापूनच दिलेली असते, ती पाहून बसवायची. इंजिनाला आणि क्लचला तेल एकाच तळातलं. हा फिल्टर बदलायला अगदी सोपा, कारण झाकण बाहेरून उघडतं.

आणि इथेच स्प्लेंडरमध्ये मला खोट दिसते. जाळी आणि डबी दोन्हींपर्यंत पोचायला अख्खं कव्हर उतरवावं लागतं, पॅकिंग फुकट जातं. चाकणला बनणाऱ्या केटीएम ड्यूकची जाळी बाहेरच्या प्लगमागून निघते. तशी सोय इथे असती तर हजारो गाड्यांच्या जाळ्या वेळेवर धुतल्या गेल्या असत्या. गॅरेजमध्ये रांग लागलेली असताना तासभराचं हे काम कोण करणार? म्हणून ते घरी करायचं.

डबी पुसताना धागे सोडणारा फडका घेऊ नये, आणि क्रँककडे जाणाऱ्या भोकात लेप ढकलला जाऊ नये एवढं सांभाळावं. खालच्या बोल्टला नवा वायसर घालावा. क्रँककेस ॲल्युमिनियमचा आहे, लांब पाना घेऊन जोर लावला तर आटे जातात. कव्हर उघडून परत बसवलेलं असल्याने नुसतं ऑईल सोडल्यापेक्षा थोडं जास्त मावेल. थोडं थोडं भरावं, इंजिन दोन मिनिटं चालवावं, बंद करून थांबावं, मग डिपस्टिक न फिरवता नुसती टेकवून पातळी पाहावी. फिरवून पाहिली तर खोटी पातळी दिसते.

ट्रेमधलं ऑईल गटारात ओतायचं नाही. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं, आणि पनवेलच्या गटारांचं पाणी गाढीतून खाडीला जातं. तिथे मासे आहेत, त्यांच्यावर जगणारे कोळी आहेत. नव्या ऑईलच्याच रिकाम्या डब्यात ते भरावं, झाकण घट्ट लावावं आणि ज्या गॅरेजमधून अधिकृत पुनर्वापर करणारे जुनं ऑईल नेतात तिथे द्यावं. डबीतला लेप आणि तो पुसलेल्या चिंध्या मात्र ऑईलच्या डब्यात टाकू नयेत, वेगळ्या पिशवीत बांधून तिथेच द्याव्यात.